भिंतीच्या आत

नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सा संपली आणि सिस्टर ज्योत्स्नांनी पोरांना चर्चच्या आवारातच थांबवून घेतलं. दौंडच्या त्या सिस्टरांच्या शाळेत ख्रिस्ती घरं मोजकीच. बाकी सगळी रेल्वेवाल्यांची, दुकानदारांची, आसपासच्या खेड्यांतल्या बागायतदारांची पोरं. पण नाताळची तयारी म्हटली की ती सगळ्या शाळेची असायची. सिस्टरांनी ज्याला हवं त्याच्या हातात बुटाचं एक रिकामं खोकं आणि गव्हाच्या काडाची जुडी दिली. खोकं म्हणजे बाळ येशूची गव्हाणी. ती घरी न्यायची, आणि रोज जे काही चांगलं काम हातून होईल त्याची एक काडी तीत टाकायची. नाताळपर्यंत बाळाचं अंथरूण तयार झालं पाहिजे.

काड वडगाव रासाईहून आलं होतं. तिथल्या कुशाबाईंची नात हर्षदा सिस्टरांच्या होस्टेलमध्ये राहून तिसरीत शिकत होती. दर रविवारी कुशाबाई मुलाच्या पिकअपमध्ये बसून नातीला भेटायला यायच्या, आणि येताना कधी भाजी, कधी शेवंतीची फुलं सिस्टरांना देऊन जायच्या. सिस्टरांनी नुसतं विचारलं, तर बाईंनी गंजीतलं पोतंभर काड उपसून आणलं. देवाच्या बाळाला टोचायला नको म्हणून त्यातली जाडी धाटं स्वतः वेचून काढली होती.

गेटपाशी सुवार्ता साळवे कमरेवर हात ठेवून लेकीची वाट बघत उभी होती. तिला आठवा महिना संपत आला होता. तिची तेजश्री हर्षदाच्याच वर्गात. खोकं छातीशी धरून ती धावत आली आणि म्हणाली, "मम्मी, या वर्षी आपल्याकडे दोन बाळं येणार ना? मग मला जास्त काड लागंल."

सुवार्ता हसली. डॉक्टरांनी तारीख नाताळच्या पुढची दिली होती, पण घरात सगळे नाताळचंच बाळ म्हणत होते.

घरी आल्यावर तेजश्रीनं खोक्याच्या मधोमध पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला. एक बाजू येशूची, एक आपल्या बाळाची. आजीचे पाय चेपले की एक काडी इकडं, पाण्याचा माठ भरला की एक तिकडं. तिची आजी, म्हणजे सुवार्ताची सासू मार्थाबाई, जपमाळ घेऊन खाटेवर बसली होती. तिनं ते बघितलं आणि पुठ्ठा काढून टाकायला सांगितला.

"जे हातात आलं न्हाई त्याचं अंथरूण घालू नये," ती म्हणाली.

पोर हिरमुसली. सुवार्तालाही ते लागलं. मार्थाबाई तशी काटक, ताठ कण्याची, कमी बोलणारी बाई. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो जाऊनही काही वर्षं झाली होती. रविवारची मिस्सा तिनं कधी चुकवली नाही, रोजची जपमाळेवरची रोजरी कधी सोडली नाही. पण बाळाच्या बाबतीत मात्र तिचा एक हट्ट होता. जन्माआधी घरात काही आणायचं नाही. टोपडं नाही, दुपटं नाही, झबलं तर नाहीच. तेजश्रीच्या वेळीही तिनं असंच केलं होतं. इतकी भाविक बाई आणि असल्या गोष्टी मानते, असं सुवार्ताच्या मनात यायचं. तिनं पुठ्ठा काढला आणि लेकीला समजावलं की दोन्ही बाळं एकाच अंथरुणावर मावतील.

तिचा नवरा लूकस सणसवाडीला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. आठवडाभर तो तिथंच राहायचा, बिहारमधल्या दोघा कामगारांबरोबर खोली करून. शनिवारी संध्याकाळी गाडीवरून भीमेचा पूल ओलांडून घरी यायचा. त्या आठवड्यात तो आला तेव्हा सिस्टरांचा निरोप त्याची वाट बघत होता. चर्चमध्ये वेदीजवळ हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या ठेवल्या होत्या, दर रविवारी शाळेतल्या एका कुटुंबानं पुढं येऊन एक पेटवायची. साळव्यांच्या वाट्याला तिसरी आली होती. बाकीच्या तीन जांभळ्या आणि ही एकटी गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. तेजश्रीनं लगेच ट्रंकेतून आपला गुलाबी फ्रॉक काढून खुंटीला लावला.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सुवार्ता सकाळी चपात्या लाटत होती. फोडणीचा वास आला की पोटातलं बाळ हटकून ढुशी मारायचं. त्या दिवशी फोडणी झाली, भाजी शिजली, डबा भरून तेजश्री शाळेत गेली, तरी आत काही हललं नाही. सुवार्तानं साखरेचं पाणी घेतलं, डाव्या कुशीवर पडून राहिली. पोटावर हात ठेवून तिनं हळूच हाक मारली. मग सासूला हाक मारली.

मार्थाबाईनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि चप्पल घालून रिक्षा बघायला गेली. रिक्षात जपमाळ तिच्या कमरेच्या पिशवीतच राहिली. वाटभर तिनं सुवार्ताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

सोनोग्राफीच्या खोलीतली डॉक्टर तरुण होती. ती बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत राहिली. एका जागी थांबली, परत मागं आली, पुन्हा थांबली. मग तिनं पडदा स्वतःकडे वळवला आणि सुवार्ताच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, ठोके लागत नाहीयेत."

सुवार्ताला ते शब्द कळले, पण त्यांचा अर्थ तिच्यापर्यंत यायला वेळ लागला. आणखी एकदा बघा म्हणून तिनं सांगितलं. डॉक्टरनं पुन्हा बघितलं. मग ती समजावत राहिली, की असं कधीकधी होतं, कारण दर वेळी सापडतंच असं नाही, आता कळा याव्यात म्हणून औषध द्यावं लागेल. त्या वेळी सुवार्ताला पहिल्यांदा उमगलं की बाळ गेलं तरी त्याला जन्म द्यायचा राहिलाच आहे.

लूकसला निरोप मिळेपर्यंत दुपार झाली. मशीनवर फोन नेऊ देत नसत. तो कंपनीच्या कपड्यांतच आला, हाताला तेल तसंच. बायकोच्या उशाशी बसला आणि खाटेच्या कडेवर कपाळ टेकवलं. शेवटी तिचाच हात त्याच्या डोक्यावर गेला.

बाळ बुधवारी झालं. मुलगा. नर्सनं भांडंसुद्धा आवाज न करता ठेवलं. बाळ पुरतं वाढलेलं होतं. नखं होती, पापण्या होत्या, आणि कान थेट लूकससारखे, वरच्या बाजूला जरा टोकदार. त्याला गुंडाळायला घरात दुपटं घेतलेलंच नव्हतं. मार्थाबाईनं पिशवीतून आपलं जुनं मऊ लुगडं काढलं. ते तिनं रात्री घरी जाऊन नीट चौकोनी फाडून, धुऊन, घडी घालून आणलं होतं. तिच्या हातांना ते काम ठाऊक असल्यासारखं तिनं बाळाला गुंडाळलं आणि सुवार्ताच्या कुशीत दिलं.

"बघून घे पोटभर," ती म्हणाली. "कुणी काय म्हणू दे. बघून घे."

दुपारी सुवार्ता डोळे मिटून पडली होती. पडद्यापलीकडे मायलेक हळू बोलत होते. आई विचारत होती, कुठं ठेवणार? लूकस म्हणाला की कब्रस्तानात, दादांच्या शेजारी. दादा म्हणजे त्याचे वडील. मग आई म्हणाली, "आत घेतील का? त्याला बाप्तिस्मा न्हाई झाला." असं काही विचारायचं असतं हेच लूकसला सुचलं नव्हतं. जरा वेळानं चपलांचा आवाज लांब गेला.

पुढं काय झालं ते लूकसनं तिला संध्याकाळी सांगितलं. आई कुठं गेली म्हणून तो मागोमाग गेला, तर ती थेट फादरांच्या घरी पोचली होती. फादर व्हरांड्यात होस्टेलच्या मुलींकडून नाताळचा कंदील बांधून घेत होते. तिला बघून ते उठले, खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. मुलींच्या देखत, उभ्याउभ्याच तिनं विचारलं की आमचं बाळ भिंतीच्या आत घेणार का बाहेर.

फादरांनी मुलींना आत पाठवलं. मग ते म्हणाले, की मरण पावलेल्या बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही, ते खरं. पण आपण प्रार्थना करू, त्याचं नाव घेऊ आणि त्याला आतच ठेवू, आजोबांच्या शेजारी. बाहेर ठेवायची ती जुनी रीत आता राहिली नाही.

"कवापासून राहिली न्हाई?" मार्थाबाईनं विचारलं.

फादर म्हणाले, पुष्कळ वर्षं झाली.

"मला कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "माझी बाहेर हाय."

लूकस व्हरांड्याच्या पायरीवर उभा होता. आईचं हे वाक्य त्यानं ऐकलं, पण त्याला वाटलं ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेय. फादरांना मात्र कळलं. ते वयानं तिच्यापेक्षा बरेच लहान होते. त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. ती वळली आणि चालत घराकडे निघाली. वाटेत तिनं लूकसला जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. तुझ्या आधी एक पोरगी झाली होती. अशीच, रडली नाही. तेव्हाच्या फादरांनी सांगितलं की बाप्तिस्मा नाही तर आत जागा नाही. तुझ्या बापानं तिला फडक्यात गुंडाळून कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर, लायनीच्या बाजूला पुरलं. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. मला जागा दाखवली ती पुष्कळ दिवसांनी.

"मला एक बहीण होती," लूकस सुवार्ताला म्हणाला. "चाळीस वर्षं ही बाई रोज माझ्यासमोर होती, आन् मला आज कळतंय."

गुरुवारी दुपार कलल्यावर बाळाला न्यायचं ठरलं. सुवार्तानं येऊ नये असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ओली बाळंतीण, थंडीचे दिवस. ती म्हणाली, मी येणार. डॉक्टरनं अडवलं नाही, तिला दवाखान्यातून सोडलं. मार्थाबाईनं तिच्या डोक्याला स्कार्फ बांधला, कानांत कापूस घातला आणि स्वतः तिचा दंड धरून तिला रिक्षात बसवलं.

पेटी शाळेच्या सावळाराम सुतारांनी करून दिली होती. पांढरा रंग अजून पुरता सुकला नव्हता. लूकसनं ती मांडीवर घेतली, त्याच्या पँटला रंग लागला. कब्रस्तान रेल्वे कॉलनीच्या मागं. दगडी भिंत, आत जुने क्रूस, सुकलेलं गवत, आणि भिंतीपलीकडे रेल्वेचा उंच भराव. नवी लाईन टाकली तेव्हा तो भराव थेट भिंतीपर्यंत आला होता. मार्थाबाईला दाखवलेली ती जागा त्याच्या खाली कुठंतरी गेली होती.

फार माणसं नव्हती. सिस्टर ज्योत्स्ना, सावळाराम, शेजारपाजारची चार घरं. फादरांनी बाळाचं नाव विचारलं. नाव आधी ठरलेलं नव्हतं, मार्थाबाईनं ठरवूच दिलं नव्हतं. लूकसनं बायकोकडे बघितलं.

"आशिष," सुवार्ता म्हणाली.

फादरांनी त्या नावानं प्रार्थना केली. देवाच्या दयेवर आपण या बाळाला सोपवतो, असं ते म्हणाले, आणि पुस्तक मिटणार तेवढ्यात मार्थाबाई पुढं झाली.

"फादर, अजून एक नाव घ्या."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचा आवाज एरवीसारखाच कोरडा होता.

"रेबेका. लूकसच्या आधीची. नाव मीच ठेवलं होतं, मनात. तिच्या बापालाबी सांगितलं न्हाई."

फादरांनी पुस्तक पुन्हा उघडलं. पहिल्यापासून सगळी प्रार्थना त्यांनी परत म्हटली, आणि जिथं नाव यायचं तिथं रेबेका म्हटलं. सिस्टर ज्योत्स्ना रडत होत्या. मार्थाबाई रडली नाही. पेटी खाली गेल्यावर तिनं नातवाला माती दिली. मग आणखी एक मूठ उचलून ती एकटीच भिंतीपाशी गेली. भिंत तिच्या डोक्याएवढी होती. हात वर करून तिनं माती पलीकडे टाकली आणि तळवा भिंतीवर टेकवून थोडा वेळ उभी राहिली.

त्या दिवसापासून सुवार्ताला प्रार्थना म्हणता येईना. संध्याकाळी घरातली सगळी रोजरीला बसत, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ओठ हलवायचे म्हटले तरी आतून काही यायचं नाही, आणि जे यायचं ते देवाला ऐकवण्यासारखं नसायचं. सासू आता बोलेल, मग बोलेल, म्हणून ती वाट बघत होती. दुसऱ्या संध्याकाळी मार्थाबाई खाटेच्या कडेला येऊन टेकली.

"तू नगं म्हणू आत्ता," ती म्हणाली. "तुझ्या वाटची मी म्हणते. मला माहीत हाय कसं व्हतं ते."

शनिवारी सुवार्ताला दूध आलं. त्याची तिला कुणी कल्पनाच दिली नव्हती. दुपारी जाग आली तर ब्लाउज ओला आणि छाती दगडासारखी ठणकत होती. अंगाला सगळं अजून कळलेलं नाही, हे बघून तिला पहिल्यांदा मोठ्यानं हुंदका आला. मार्थाबाईनं दार लोटून घेतलं आणि गरम पाण्यात फडकं पिळून आणलं.

संध्याकाळी तेजश्री तिच्या पायथ्याशी येऊन बसली. दोन-तीन दिवस ती घरात सावलीसारखी वावरत होती. शाळेत जायची, यायची, कुणाला काही मागायची नाही. खुंटीवरचा गुलाबी फ्रॉक तिनंच घडी करून ट्रंकेत परत ठेवला होता. सुवार्ताचं लक्ष कोपऱ्यात गेलं. बुटाचं खोकं पालथं पडलं होतं आणि काड खाटेखाली ढकललेलं दिसत होतं.

"काड का काढलंस गं?"

पोर खाली बघत म्हणाली, "मी एक खोटी काडी टाकली होती."

हर्षदाला लाडू दिला म्हणून तिनं काडी टाकली होती, पण लाडू दिला नव्हता. एकटीनंच जिन्याखाली बसून खाल्ला होता. हे सांगताना तिचा चेहरा इतका पांढरा पडला होता की सुवार्ता उठून बसली.

"त्याच्यामुळं बाळ गेलं का?"

गेले चार दिवस सुवार्ताही हेच करत होती. त्या सोमवारी बादली उचलली होती, तेव्हा का? शुक्रवारचा उपास धरला होता, तेव्हा का? सासूवर मनातल्या मनात चिडले होते, त्याचं का? रोज एक नवं कारण तिला सापडत होतं आणि ते ती कुणाला सांगत नव्हती. आता तोच प्रश्न पोरीच्या तोंडून आला, आणि तो किती खुळा आहे ते तिला दिसलं. किती भयंकर आहे तेही दिसलं.

तिनं तेजश्रीला जवळ ओढलं. छाती दुखत होती तरी घट्ट धरलं.

"नाही, तेजू. लाडवामुळं कुणाचं बाळ जात नाही. देव असा नाहीये."

"मग कशामुळं गेलं?"

"मला माहीत नाही. डॉक्टरलापण माहीत नाही."

"आजीला?"

"आजीलापण नाही."

तेजश्रीनं जरा विचार केला. "येशूला माहीत असंल का?"

"असेल," सुवार्ता म्हणाली. "मला अजून त्यानं सांगितलं नाही."

तेव्हा कुठं पोर रडली. इतके दिवस ती रडली नव्हती हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

सिस्टरांनी निरोप पाठवला होता की रविवारची मेणबत्ती दुसरं कुटुंब पेटवेल, तुम्ही काळजी करू नका. लूकसला ते बरं वाटलं. सुवार्ताला स्वतः जाणं शक्यच नव्हतं, आणि आनंद करा, आनंद करा, असं त्या दिवशीच्या वाचनात येतं ते ऐकायची तिची तयारी नव्हती. पण तेजश्री म्हणाली की मी जाते. मार्थाबाई म्हणाली, मग मीबी येते. लूकस उठला आणि शर्टाला इस्त्री करू लागला.

तिघं गेल्यावर घरात सुवार्ता एकटी होती. चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा तिनं चादर डोक्यावर ओढून घेतली. तेवढ्यात दार वाजलं. कुशाबाई आल्या होत्या. होस्टेलवर नातीला भेटायला गेल्या तेव्हा त्यांना कळलं होतं, आणि तिथूनच त्या उलट पावली पिकअपपाशी जाऊन कोबीचा एक गड्डा घेऊन आल्या होत्या. स्वयंपाकघरात जाऊन कोबीची मोठी पानं सोडवली, धुतली, लाटण्यानं त्यांच्या शिरा दाबल्या. सुवार्ताला बसतं करून ती गार पानं तिच्या छातीला लावली आणि वरून पंचा बांधला. ठणका हळूहळू उतरायला लागला.

"सांजच्याला दुसरी लाव," त्या म्हणाल्या. "पिळायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. वसरंल आपोआप."

मग त्यांनी भांडी घासली, केर काढला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. चर्चमधून मंडळी परत येईपर्यंत बसून होत्या.

चर्चमधलं लूकसनं थोडंथोडं करून सांगितलं. तेजश्री शाळेच्या गणवेशातच पुढं गेली. वात नवी होती, लवकर धरेना. आजीनं खालून तिच्या हाताला आपला हात लावला. तरी पेटेना, तेव्हा होस्टेलच्या बाकावरून हर्षदा उठून आली आणि तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. मग पेटली. फादरांनी प्रवचनात साळव्यांचं नाव घेतलं नाही. आनंद म्हणजे हसणं नव्हे, एवढंच म्हणाले आणि लवकर संपवलं.

पुढच्या आठवड्यात लूकस सणसवाडीला परत गेला. सुट्टी आणखी मिळत नव्हती. तेजश्रीनं खाटेखालचं काड गोळा करून खोक्यात भरलं, पण काड्या मोजायचं सोडलं. शाळेत नाताळचं नाटक झालं, घराघरांवर चांदण्या लागल्या. साळव्यांच्या दारावर चांदणी नव्हती, आणि घरात करंज्या, शंकरपाळे काही झालं नाही. दुःखाच्या घरी तळण करत नाहीत, ती रीत ख्रिस्ती असोत की हिंदू, सगळ्यांची एकच.

नाताळच्या सकाळी सुवार्ता पहिल्यांदा चर्चला गेली. मागच्या बाकावर बसली. मिस्सा संपल्यावर बाळ येशूची मूर्ती फादरांच्या हातात होती आणि एकेकजण पुढं जाऊन तिच्या पायांचं चुंबन घेत होता. रांग तिच्या बाकाजवळून पुढं सरकली. आया आपापली तान्ही कडेवर घेऊन चालल्या होत्या. सुवार्ता उठली नाही. तिला उठता आलं नाही. मार्थाबाई रांगेत जायला बाहेर पडली होती, ती वळली आणि परत येऊन तिच्याजवळ बसली. रांग संपेपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.

दुपारी घरी माणसं यायला लागली. आधी शेजारचं ख्रिस्ती घर आलं, मग शाळेतल्या पोरांच्या आया. कुणी ताटात करंज्या झाकून आणल्या, कुणी चकल्या, कुणी केकचा तुकडा. स्टेशनसमोरच्या दुकानदारांच्या घरून लाडू आले. कुशाबाईंनी मुलाबरोबर गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. ज्या घरी सणाचं काही होत नाही त्या घरी दुसऱ्यांनी आणून द्यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. ताट ठेवायचं, जरा टेकायचं, तेजश्रीच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि उठायचं. संध्याकाळपर्यंत ओटा ताटांनी भरून गेला. एवढं खाणार कोण, म्हणून लूकसनं बरंच होस्टेलवर नेऊन दिलं. तेजश्रीनं एक लाडू बाजूला काढून ठेवला, हर्षदा गावाहून आली की द्यायला.

त्यानंतरचा कुठला तरी दिवस होता. लूकस कामावर होता, तेजश्री शेजारी खेळायला गेली होती. दोघी सासवा-सुना उन्हात पायरीवर बसून मटार सोलत होत्या. सुवार्ताचा हात मध्येच थांबायचा, परत चालू व्हायचा. मग तिनं मान वर न करता विचारलं.

"आई, रेबेका कशी होती हो?"

मार्थाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाला ठाऊकच नव्हतं, तर विचारणार कोण? ती रस्त्याकडे बघत राहिली. सुवार्ताला वाटलं, ही सांगणार नाही.

"केस लई होते," मार्थाबाई म्हणाली. "काळेभोर, कानाच्या खाली येतील असे. सुईण म्हणाली, एवढे केस मी कुठल्या पोरीचे बघितले न्हाई. मला एकदाच दाखवली, मग फडकं ओढून घेतलं."

तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपलीत टाकले.

"उजव्या हाताची मूठ मिटलेली होती," मार्थाबाई म्हणाली. "मी उघडाया गेले, तर तुझी आजेसासू म्हणाली, ऱ्हाऊ दे."

मटाराची सुपली सुवार्तानं बाजूला सारली आणि ती सासूच्या जवळ सरकून बसली. "अजून सांगा," ती म्हणाली.